स्टेनलेसचे स्टड

ते दोन स्टड माझ्या मित्राच्या हातातल्या पान्याने तुटले, पण ते तोडले मी. ही गोष्ट मी सात-आठ वर्षं मनात ठेवली. बायकोलाही सांगितली नाही. आज लिहितानाही वाक्य असं रचावंसं वाटतं की दोष अर्धा तरी दुसरीकडे सरकेल. ही सवय माझी जुनी आहे.

ज्यांनी गाडीचं इंजिन उघडलेलं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्टड म्हणजे डोकं नसलेला बोल्ट, दोन्ही टोकांना आटे असलेला. त्याचं एक टोक इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, घट्ट बसतं. दुसऱ्या टोकावर एक्झॉस्टचा बिडाचा मॅनिफोल्ड चढवून नट आवळतात. इंजिनात जळलेला वायू ज्या वाटेने बाहेर पडतो, ती वाट हे बोटाएवढे तुकडे धरून ठेवतात. सतत तापतात, सतत गार होतात, आणि चांगले बसवलेले असतील तर त्यांची कुणाला आठवणही होत नाही.

माझा मित्र कुवेतमधल्या एका सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतंत्रज्ञ होता. मी शुऐबाच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. सबाह अल-सालेमच्या एकाच इमारतीत आमची बिऱ्हाडं; तो दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. तो सांगलीकडचा, मी चिपळूणचा, आणि वयाने तो माझ्याहून मोठा. म्हणून मी त्याला अहो-जाहो करी आणि तो मला अरे-तुरे. लोकांदेखत तो मला ‘इंजिनिअर’ म्हणे, मी त्याला ‘डॉक्टर’. दोघांनाही ठाऊक होतं की आपण दोघेही ते नाही, आणि त्यातच आमची गंमत होती.

गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. सायीच्या रंगाची, सहा सिलिंडरची जुनी जर्मन गाडी, एका कुवेती कुटुंबाच्या आवारात धूळ खात पडलेली. कागद त्याच्या नावावर केले. इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडखाली ती उभी असे आणि शुक्रवारची सकाळ आम्ही तिच्यापाशी घालवत असू.

“काय इंजिनिअर, आज कुणाचं पोट फाडायचं?” तो जिन्यातूनच विचारी.

“पेशंट तुमचाच आहे, डॉक्टर. तुम्ही भूल द्या, मी फाडतो.”

“भूल कसली द्यायची, ती आधीच बेशुद्ध आहे की.”

त्याच्या हाताला एक शांतपणा होता. कार्बोरेटरची बारीकशी जेट तो दोन बोटांत धरून उजेडात बघे तेव्हा बोटं जराही हलत नसत. मी त्याला एकदा म्हटलंही होतं की तुमच्या हाताखाली झोपायला माणसाला भीती वाटणार नाही. तो हसला होता. स्तुती त्याला आवडे, पण ती अंगाला लावून घेत नसे.

एका जुलैत तो गावी सुट्टीवर गेला. एक्झॉस्टचे जुने स्टड गंजून बारीक झाले होते आणि ते बदलायचं आमचं ठरलेलं होतं. तो म्हणाला होता, “मी आल्यावर मिळून शोधू.” पण मला त्याला चकित करायचं होतं. कारखान्यात शटडाउननंतर, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात त्यानंतर, स्टेनलेसच्या आट्याच्या सळईचे तुकडे उरले होते. मी ते वर्कशॉपच्या करवतीवर मापात कापले आणि जेवणाच्या डब्यात घालून गेटबाहेर आणले. नटही तिथलेच, स्टेनलेसचे. आमच्या धंद्यातल्या माणसाचा हा एक आजार आहे: कारखान्यातला माल बाजारातल्या मालापेक्षा वरचढ, आणि जे गंजत नाही ते उत्तम, असं आम्हाला मनापासून वाटतं.

पण मला सगळंच माहीत नव्हतं असंही नाही, आणि माझा खरा अपराध तिथे आहे. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडा चढवला की तापल्यावर दोन्हींचे आटे एकमेकांत रुतून बसतात. ते होऊ नये म्हणून एक करडी पेस्ट लावतात. दर शटडाउनच्या आधी फिटर लोकांसमोर उभं राहून हे सांगण्याचं काम माझंच होतं. त्या दिवशी पेस्टचा डबा मी आणला नव्हता, कारण तो जेवणाच्या डब्यात मावला नसता. मी मनाशी म्हटलं, ही काय रिफायनरीची लाइन आहे, साधी गाडी तर आहे. आणि कोरडेच आवळले.

मित्र परत आला, इंजिनात डोकावला आणि खूष झाला. “कुठून आणलेस रे?”

“शुवैखला एका दुकानात मिळाले,” मी म्हणालो. “ओरिजिनल.”

पुढच्या हिवाळ्यात मॅनिफोल्डच्या सांध्यातलं गॅस्केट फुटलं आणि इंजिन फटफटू लागलं. मी ड्यूटीवर होतो. त्याने एकट्याने मॅनिफोल्ड उतरवायला घेतला. संध्याकाळी मी शेडपाशी आलो तेव्हा तो पाना हातात घेऊन उभा होता. दोन स्टड हेडच्या तोंडाशीच तुटले होते आणि तुटताना त्यांनी हेडमधले अॅल्युमिनियमचे आटे ओरबाडून काढले होते. नट मात्र तुटक्या टोकांवर असे रुतले होते की जणू तिथेच ओतले असावेत. मला एका नजरेत कळलं.

“मी जरा जास्तच जोर लावला रे,” तो म्हणाला. “इंजिनिअरने एवढे छान बसवले आणि मी मातेरं केलं.”

ती वेळ होती. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं, आणि तो मला दोन शिव्या देऊन चहाला घेऊन गेला असता. पण डब्यातून आणलेला माल, ‘ओरिजिनल’ म्हणून सांगितलेली थाप, आणि जो नियम मी इतरांना शिकवतो तोच मोडल्याची लाज, हे सगळं एकदम आडवं आलं. मी म्हणालो, “होतं असं कधी कधी.” हे बोलताना माझा आवाज फार सौम्य होता, हे मला अजून आठवतं. मी त्याला क्षमा करतो आहे असा तो आवाज होता.

त्यानंतर त्याने हत्यारांना हात लावणं कमी केलं, मग सोडलंच. गाडीवर ताडपत्री पडली. शुक्रवारी तो टीव्हीसमोर बसू लागला. मी बोलावलं तर म्हणे, “नको रे, माझ्या हाताला यश नाही.” मी आग्रह करत नसे. शेडमध्ये त्याच्याशेजारी उभं राहणं मलाही जड झालं होतं. आमची मैत्री मोडली नाही. जिन्यात भेट होई, गणपतीत एकमेकांकडे जाणं होई, पण दोघांच्या मधोमध ती ताडपत्री होती.

गेल्या वर्षी त्याचा उजवा हात कापू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. त्याने स्वतःहून थिएटरचं काम सोडलं. मग निवृत्तीचे कागद, मग कायमचं गावी जायचं ठरलं. त्याची मुलगी कॅनडात. तिने फोनवर इंग्रजीतून सगळं बघितलं, तिकिटं काढली.

निघायच्या महिनाभर आधी वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, मला चहाला बोलावलं. तो आत झोपला होता. वहिनींनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

“भाऊजी, एक सांगायचं होतं. यांनी डोक्यात काही घेतलंय.”

“काय?”

“म्हणतात, हात आज बिघडला नाही, तेव्हाच बिघडला होता. त्या गाडीचे ते खिळे तुटले ना, तेव्हा. म्हणतात, तेव्हाच मला हाताचा अंदाज राहिला नव्हता आणि मी पुढं इतकी वर्षं लोकांना भूल द्यायला उभा राहिलो.” त्या बोलताना कपबशी पुसत होत्या, ती कधीच कोरडी झाली होती. “जुने पेशंट आठवत बसतात. कोण शुद्धीवर उशिरा आलं, नळी घालताना कुणाचा दात हलला. आता म्हणतात, जायच्या आधी विभागप्रमुखांना भेटून सांगणार. की माझा हात चांगला नव्हता आणि मी लपवलं.”

“वहिनी, पण तसं काही नाही.”

“मी तेच म्हणते. ऐकतायत कुठं. तुम्ही सांगून बघा, तुमचं ऐकतात.”

हा लेख वाचणाऱ्याला वाटेल की मी तिथून उठून आतल्या खोलीत गेलो असेन. मी नाही गेलो. मी वहिनींना म्हणालो, “मी ती गाडी चालू करून देतो. चालू झाली की त्यांचं मन आपोआप निवळेल.” आणि चहा संपवून वर घरी आलो. जे तोंडाने करायचं होतं ते हाताने उरकता येईल, अशी माझी समजूत होती. बहुतेक माणसं पश्चात्ताप असाच करत असावीत. जे येतं तेवढंच करतात.

शिवाय गाडीचं काहीतरी करायला हवंच होतं. बलदियाने, म्हणजे नगरपालिकेने, बेवारस म्हणून तिच्या काचेवर स्टिकर चिकटवलं होतं. ती उचलून भंगारात गेली असती. मित्राची एवढीच इच्छा होती की ती चालवणाऱ्या कुणाच्या तरी हाती जावी.

मग मी स्टड शोधायला निघालो. शुवैखच्या पार्ट्सच्या गल्ल्यांत दुकानामागून दुकान पालथं घातलं. कुठे लांबी जास्त, कुठे आटे वेगळे, कुठे चिनी माल असा मऊ की हातानेच वाकावा. एका काउंटरवरच्या हसतमुख माणसाने कपाटातून चकचकीत स्टडची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली.

“ये ले जाओ, भाईसाब. स्टेनलेस है. ज़िंदगीभर ज़ंग नहीं लगेगा.”

मी पिशवी परत सारली. मला हवे होते साध्या पोलादाचे, काळसर, गंजणारे स्टड आणि त्यांवर पितळेचे नट. पितळ नरम असतं. वेळ आली की ते स्वतः झिजतं, पण स्टडला चिकटून बसत नाही. मूळ कारागिरांनी ते विचार करून योजलेलं होतं आणि मी ते हलकं समजून फेकून दिलं होतं.

शेवटी कुणीतरी सुलैबियाचा पत्ता दिला. तिथे एका गोदामात एक वृद्ध कुवेती गृहस्थ जुन्या गाड्या आणि त्यांचे भाग जपून ठेवतात. मी गेलो तेव्हा ते पायघोळ दिशदाशाच्या बाह्या सरसावून चहा पीत होते. त्यांच्या पिढीतल्या अनेकांसारखं त्यांना मुंबईची हिंदी येत होती. मी मॉडेल सांगितलं. ते उठले आणि मागच्या मांडणीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. आत तेलकट कागदात गुंडाळलेले स्टड आणि पितळी नट होते, कधीही न वापरलेले.

“किसके वास्ते?” त्यांनी विचारलं.

“मेरे दोस्त की गाडी है.”

“टूटा कैसे?”

ते गृहस्थ माझ्या मित्राला ओळखत नव्हते, मलाही नाही. खरं सांगण्यात काहीही धोका नव्हता. तरी माझ्या तोंडून शब्द आले, “दोस्त के हाथ से टूट गया.”

त्यांनी मान हलवली. “मिस्कीन,” ते म्हणाले. बिचारा. मग स्वतःचा हात पुढे धरून त्याच्याकडे बघत म्हणाले, “उमर होती है. सबका हाथ एक दिन चला जाता है.”

त्यांनी ते नट माझ्या तळहातावर एकेक मोजून ठेवले आणि मी उभा राहिलो. मी काय केलं होतं ते मला तेव्हा पुरतं दिसलं. आजवर मला वाटत होतं की मी फक्त गप्प राहिलो. पण गप्प राहणं इतकी वर्षं कुठे टिकतं? मित्राने स्वतःला दोष दिला की मी मान डोलवत होतो, वहिनींसमोर मी विषय बदलला होता, आणि आता अनोळखी माणसाच्या गोदामात, काही गरज नसताना, मी त्याच्या हातावर पुन्हा एकदा ठपका ठेवला होता. आणि तो हात घरी मांडीवर कापत पडला होता.

परतताना रस्त्याकडेला गाडी थांबवून मी बराच वेळ बसून राहिलो. रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे दोन शुक्रवार मी एकटा शेडमध्ये काम करत होतो. तुटके स्टड मधोमध भोकं पाडून काढले, ओरबाडलेल्या जागी नव्या आट्यांची बारीक स्प्रिंग बसवली, बाकीचे स्टेनलेसचे स्टड तापवून, तेल सोडून, एकेक करून उतरवले आणि एका ताटलीत, तेव्हापासून पेटीत पडलेल्या तुटक्या टोकांशेजारी ठेवले. नवे पोलादाचे स्टड चढवले, मॅनिफोल्ड लावला. नट तेवढे लावायचे ठेवले. तिसऱ्या शुक्रवारी वहिनी त्याला हाताला धरून खाली घेऊन आल्या. सोबत चहाचा थर्मास होता. विभागप्रमुखांची भेट त्याने रविवारची घेतली होती.

मी त्याला स्टुलावर बसवलं. त्याने इंजिनाकडे पाहिलं आणि चेहरा जरा उजळला.

“वा रे इंजिनिअर. लेका, कुठून पैदा केलेस हे?”

“सुलैबियाहून. पितळेचे नट हाताने सुरू करावे लागतात, डॉक्टर. पहिला तुम्ही लावा.”

“मी नाही.”

“लावा हो. नुसतं बोटांनी फिरवायचं आहे.”

“नको म्हटलं ना.” त्याने उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. “एकदा लावला तेवढा पुरे. या हाताने किती जणांचं काय केलंय, देवाला माहीत. परवा जाऊन सांगतो म्हणजे सुटेन.”

वहिनी थर्मासचं झाकण उघडता उघडता थांबल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“ते स्टड तुमच्या हाताने तुटले नाहीत,” मी म्हणालो.

“मग काय बुलबुलाने तोडले?”

“ते चुकीचे होते. मी स्टेनलेसचे घातले होते. कारखान्यातून डब्यात घालून आणलेले. शुवैखचं दुकान वगैरे सगळं खोटं. कोरडे आवळले, पेस्ट न लावता. ते नट रुतून बसणारच होते. कुणीही उघडले असते तरी तुटलेच असते.”

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग हळूच हसला. त्या हसण्याने मला जेवढं लागलं तेवढं शिवीने लागलं नसतं.

“हिने सांगितलं वाटतं तुला,” तो म्हणाला. “मला बरं वाटावं म्हणून आता तू अंगावर घेतोयस. गुणाचा आहेस. पण मला शेंड्या लावू नकोस.”

मी इतका काळ खोटं बोललो होतो की खरं बोललो तेव्हा ते खोटं वाटलं. मी हत्यारांच्या पेटीतून लोहचुंबक काढला आणि ताटली त्याच्या मांडीवर ठेवली. सुलैबियाचा उरलेला एक स्टड चुंबकाजवळ नेला. तो टकदिशी चिकटला. मग चुंबक त्याच्या डाव्या हातात दिला आणि म्हटलं, “आता या जुन्यांवरून फिरवा.”

त्याने फिरवला. काजळी धरलेले स्टेनलेसचे स्टड ताटलीत होते तिथेच पडून राहिले. त्याने पुन्हा फिरवला. थिएटरमध्ये तऱ्हेतऱ्हेची हत्यारं हाताळलेला माणूस तो. असलं न गंजणारं पोलाद चुंबकाला चिकटत नाही हे त्याला सांगावं लागलं नाही. एक तुटका तुकडा उचलून, त्यावर रुतलेला नट त्याने अंगठ्याने चाचपला. हात कापत होता, तरी तो तुकडा त्याने पडू दिला नाही.

“तुला कधी कळलं?” त्याने विचारलं.

“त्याच संध्याकाळी. तुम्ही पाना घेऊन उभे होतात तेव्हा.”

“आणि मी जोर लावला म्हणालो, तेव्हा?”

“तेव्हा कळलेलं होतं.”

वहिनींनी थर्मास खाली ठेवला आणि पाठ फिरवली. पदर डोळ्याशी नेलेला मला दिसला. मला वाटलं तो उठून जाईल, आणि गेला असता तर मी अडवलं नसतं. पण तो स्टुलावरच बसून राहिला, मांडीवर ताटली, नजर त्या तुकड्यावर. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो. त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं असेल तर तेवढं खाली यावंच लागणार होतं.

माझा आवाज नेहमीसारखा सौम्य निघेना. फाटका, मोठा निघाला, शेडबाहेर ऐकू जाईल इतका.

“डॉक्टर, त्या दिवशी तुमचा हात चांगला होता. मला तेव्हाच ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. पुढे तुम्ही स्वतःच्या हाताला नावं ठेवत राहिलात आणि मी ऐकत राहिलो, कारण ते मला सोयीचं होतं. रविवारी तुम्हाला कुणाला काही सांगायचं नाही. जे सांगायचं ते मला होतं, आणि ते फार उशिरा सांगतो आहे. चूक माझी आहे. मला माफ करा.”